हीट एम्बॉसिंगची सुरुवात: हीट टूल चालू करण्याआधीचं काम

हीट एम्बॉसिंगचे बहुतेक व्हिडिओ पावडर वितळून चकाकायला लागते त्या क्षणापाशी रेंगाळतात. तो क्षण बघायला छानच असतो, पण काम बिघडायचं असेल तर ते तोवर बिघडून झालेलं असतं. कागद दमट होता, त्यावर बोटं लागली होती, शाई वाळत आली होती किंवा भलतीकडे चिकटलेले कण झटकायचे राहिले होते. उष्णता यातलं काहीच दुरुस्त करत नाही. जे आहे ते कायमचं पक्कं करते. त्यामुळे गरम करण्याच्या मिनिटभराच्या कामापेक्षा त्याआधीच्या तयारीबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

प्रक्रिया अशी: सावकाश वाळणाऱ्या शाईने कागदावर स्टॅम्प उमटवायचा, शाई ओली असतानाच त्यावर एम्बॉसिंग पावडर टाकायची, जास्तीची झटकून काढायची आणि शाईला धरून राहिलेली पावडर हीट टूलच्या गरम हवेने वितळवायची. ही पावडर म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या रेझिनचे बारीक कण. वितळले की ते एकमेकांत मिसळून सलग थर होतो आणि थंड झाला की तो कडक, गुळगुळीत आणि उठावदार राहतो. काही व्हिजिटिंग कार्डांवर बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागतात, ती थर्मोग्राफीची छपाईही याच तत्त्वावर चालते. नक्षी असलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद ठेवून मशीनमधून दाबून काढतात ते ड्राय एम्बॉसिंग वेगळं. त्यात कागदच वर उचलला जातो, इथे कागद सपाट राहतो आणि त्यावर थर चढतो.

शाई

इथे एकच गुण महत्त्वाचा: पावडर टाकून होईपर्यंत शाई ओली राहायला हवी. एम्बॉसिंग इंक किंवा वॉटरमार्क इंक याच कामासाठी असते. व्हर्सामार्क हे त्यातलं सर्वात परिचित नाव. ही शाई जवळजवळ रंगहीन आणि चिकट असते. काही एम्बॉसिंग इंकमध्ये हलकी रंगछटा असते, म्हणजे पांढऱ्या कागदावर ठसा कुठे उमटला ते दिसतं. नवख्या माणसाला या छटेचा चांगला उपयोग होतो.

पिगमेंट इंकही चालते, कारण तिचा रंग कागदावर बराच वेळ ओला बसून राहतो. साधी डाय इंक मात्र काही सेकंदांत कागदात मुरते. मग पावडर कुठे धरते, कुठे नाही, आणि अक्षरं तुटक येतात. डिस्ट्रेस इंक डाय प्रकारातली असूनही जरा जास्त वेळ ओली राहते, म्हणून हात चपळ असेल तर तिच्यावर पारदर्शक पावडर बसते. पण शिकताना असा जुगार खेळू नये.

पावडर अपारदर्शक असेल, म्हणजे पांढरी, सोनेरी, काळी, तर खालच्या शाईचा रंग झाकला जातो. पारदर्शक पावडर वापरली तर शाईचाच रंग चकाकून वर येतो. म्हणजे वेगवेगळ्या रंगांची पिगमेंट इंक आणि पारदर्शक पावडरची एक डबी असली की रंगीत पावडरींचा साठा करायची गरज उरत नाही. सुरुवातीला एक वॉटरमार्क पॅड आणि पारदर्शक, पांढरी व सोनेरी अशा तीन डब्या पुरेत. बाकीचे मोह नंतर आहेतच.

पावडर

रंगापेक्षा कणांच्या आकाराकडे आधी बघा. पावडर ढोबळमानाने तीन जाडीत मिळते. अगदी बारीक, जिला डिटेल किंवा सुपरफाइन म्हणतात, ती छोटी अक्षरं आणि केसासारख्या रेघांसाठी. साधी पावडर ठसठशीत रेघा आणि भरीव आकारांसाठी. तिसरी अल्ट्रा थिक: तिचे कण इतके मोठे असतात की ती स्टॅम्पच्या रेघांवर वापरायचीच नसते, ती जाड काचेसारखा थर देण्यासाठी असते. बारीक अक्षरांवर साधी पावडर टाकली की ‘अ’, ‘आ’ अशा अक्षरांच्या आतल्या फटी बुजतात. अशा वेळी दोष स्टॅम्पवर जातो, पण तो असतो पावडरचा.

पांढरी पावडर सगळ्यांत नखरेल. गडद कागदावर तिचा एकेक चुकार कण दिसतो, थर पातळ पडला तर खालचा रंग डोकावतो आणि जास्त तापली तर पिवळट छटा येते. पहिला सराव सोनेरी किंवा चंदेरीवर करणं सोयीचं. धातूच्या रंगाची पावडर वितळताना तिचा भुरकटपणा जाऊन एकदम चमक येते, त्यामुळे वितळली की नाही हे डोळ्याला लगेच कळतं.

कागद

२५० ते ३०० जीएसएमचं (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) गुळगुळीत कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद घ्या. पातळ कागद उष्णतेने पटकन गोळा होतो. खडबडीत पोताच्या कागदावर स्टॅम्पची शाई फक्त उंचवट्यांना लागते, खळग्यांत पोचत नाही, आणि पावडर त्याचीच नक्कल करते. वॉटरकलरचा कागद हवाच असेल तर हॉट प्रेस घ्या, तो गुळगुळीत असतो. कोल्ड प्रेसवर भरीव आकार ठिपकेदार येतात. ग्लॉसी कोटेड कागदावर ठसा फार सुबक उमटतो, पण जास्त उष्णतेने त्या कोटिंगला फोड येतात.

आता दमटपणा. कागद हवेतलं पाणी शोषतो, आणि दमट कागदावर पावडर जिथे शाई नाही तिथेही बसते. पावसाळी हवेत, किंवा वॉटरकलरने रंगवून नुकत्याच वाळलेल्या कागदावर हे हमखास होतं. हाताला कोरडा लागला म्हणजे तो आतून कोरडा असतोच असं नाही. उपाय सोपा आहे: कोऱ्या कागदावरून हीट टूल काही सेकंद फिरवा आणि कागद पूर्ण थंड होऊ द्या. थंड होऊ देणं टाळू नका, कारण गरम कागदावर शाई लवकर सुकते.

दुसरा शत्रू स्थिर विद्युत आणि तिसरा बोटांचा तेलकटपणा. या दोन्हींसाठी अँटी-स्टॅटिक पाउच मिळतो: बारीक पावडर भरलेली कापडी पुरचुंडी, जी कागदावरून हलकेच फिरवायची असते. नसेल तर सुती कापडात थोडं कॉर्नफ्लोअर बांधून तेच काम होतं. कागदावर अगदी पातळ, जेमतेम दिसेल न दिसेल इतकाच लेप हवा. जास्त झाला तर शाई कागदाला नीट लागत नाही. आणि हे स्टॅम्प मारण्याच्या आधीच करायचं. नंतर केलं तर कॉर्नफ्लोअरच ओल्या शाईला चिकटेल. गडद कागदावर मागे राहणारा पांढुरका थर काम झाल्यावर कोरड्या मऊ ब्रशने निघतो.

हीट टूल

केस वाळवायचा ड्रायर चालत नाही. त्याची हवा पुरेशी गरम नसते आणि झोत मात्र इतका जोरात असतो की पावडर वितळण्याआधीच उडून जाते. क्राफ्टसाठीच्या हीट टूलमध्ये उलट असतं: उष्णता जास्त, वारा कमी. त्यातही अरुंद तोंडाची टूल एका जागी लवकर वितळवतात पण कागद करपवण्याचा धोका वाढवतात, रुंद तोंडाची थोडा वेळ घेतात पण नवख्या हाताला सांभाळून घेतात. रंग खरवडण्यासाठी वापरतात ती हीट गन कित्येक शे अंशांपर्यंत जाते. तीच हाताशी असेल तर सर्वांत खालच्या सेटिंगवर आणि कागदापासून बरीच लांब धरावी लागते. ती वापरण्यापेक्षा छोटं क्राफ्ट टूल घेतलेलं बरं.

टेबलावर काय पसरलंय तेही बघा. कटिंग मॅट उष्णतेने वाकडी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. सिरॅमिक टाइल, लाकडी फळी किंवा उष्णता सोसणारी सिलिकॉन मॅट खाली ठेवा. कागद बोटांनी धरायचा नाही. बांबूचा चिमटा किंवा कपड्यांचा लाकडी चिमटा घ्या, धातूचा नको, तो तापतो. खिडकी उघडी असावी, पण वाऱ्याचा झोत टेबलावर नको. पंखा तर बंदच, नाहीतर पावडरची डबी उघडताक्षणी त्याचं कारण कळेल.

स्टॅम्प ते पावडर

फोटोपॉलिमरचा पारदर्शक स्टॅम्प नवीन असेल तर त्याचा पृष्ठभाग निसरडा असतो आणि शाई थेंबाथेंबाने गोळा होते. खोडरबर त्यावर एकदा हलकेच फिरवलं की शाई सलग पसरते. लाल रबरच्या स्टॅम्पला हा त्रास कमी असतो. स्टॅम्प पॅडवर दाबण्याऐवजी पॅडच स्टॅम्पवर टपटप टेकवा. शाई सगळीकडे सारखी लागते आणि कडांना साचत नाही. वॉटरमार्क इंक दिसत नाही म्हणून स्टॅम्प उजेडात तिरका धरून ओली चमक सर्वत्र आहे का ते बघा.

स्टॅम्प ज्यावर चिकटवतात तो ॲक्रिलिक ब्लॉक सरळ खाली आणून दाबा, दोन-तीन सेकंद धरा, सरळ वर उचला. डोलवला की कडांच्या दुहेरी रेघा उमटतात, आणि पावडर त्या रेघाही इमानेइतबारे उचलते. स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म, म्हणजे कागद आणि स्टॅम्प ठरलेल्या जागी धरून ठेवणारी बिजागरीची चौकट असेल तर फारच उत्तम. ठसा अपुरा वाटला तर कागद न हलवता त्याच जागी पुन्हा उमटवता येतो. भरीव आकारांसाठी तर दोनदा उमटवणं हीच पद्धत ठेवा.

आता वेळ घालवायचा नाही. पॅडला लगेच झाकण लावा, कारण त्यात पावडरचे कण गेले की ते पुढच्या प्रत्येक ठशात येतात. एका स्वच्छ कागदाला मधोमध घडी घालून उलगडा आणि त्यावर कार्ड धरून ठशावर पावडर सढळ हाताने ओता. चिमटीने भुरभुरवू नका. जास्तीची पावडर परतच जाणार आहे, त्यामुळे इथे काटकसर करून हाती काही लागत नाही, उलट जागा सुटतात. कार्ड तिरकं करून पावडर ठशावरून इकडून तिकडे घरंगळू द्या, मग उभं करून खाली पाडा आणि मागच्या बाजूने बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. चांगल्या जोरात. ओल्या शाईने धरलेली पावडर टिचकीने पडत नाही, नुसती टेकलेली पडते.

इथे थांबा. सगळ्या कामात मन लावून बघायची जागा हीच. कार्ड दिव्याखाली तिरकं धरा. ठशाबाहेर दिसणारा प्रत्येक कण कोरड्या बारीक ब्रशने उचला. तोंडाने फुंकर मारायची नाही, श्वासातली ओल कागदाला लागते आणि शिवाय पावडर नाकात जाते. ठशातच मोठी फट दिसली आणि ठसा प्लॅटफॉर्मवर उमटवला असेल तर कार्ड त्याच जागी परत ठेवून पुन्हा शाई लावून पावडर टाकता येते. गरम करण्याआधी हे सगळं दोन मिनिटांचं काम असतं. नंतर तोच कण ब्लेडच्या टोकाने खरवडावा लागतो आणि कागदावर ओरखडा राहतो.

घडीच्या कागदावर जमलेली पावडर घडीच्या खोबणीतून डबीत परत ओता. दर रंगासाठी वेगळा कागद ठेवा. पांढऱ्या पावडरमध्ये सोनेरी कण शिरले की ती डबी पुन्हा शुद्ध होत नाही, आणि ग्लिटर मिसळलेली पावडर याबाबतीत सर्वांत वाईट, ती सगळीकडे पोचते.

वितळवणं

टूल चालू करून कार्डापासून दूर, मोकळ्या दिशेला धरून १० ते १५ सेकंद तापू द्या. थंड टूल थेट कार्डावर रोखलं तर पहिले काही सेकंद नुसता वारा लागतो, पावडर उडते आणि कागद उगाच तापत राहतो. मग ३ ते ५ सेंटिमीटरवरून एका कोपऱ्यापासून सुरुवात करा.

नवखी मंडळी साधारण एकच चूक करतात: टूल रंगाऱ्याच्या ब्रशसारखं भराभर सगळीकडे फिरवतात. त्याने कोणतीच जागा वितळण्याइतकी तापत नाही, आणि कागद मात्र वाळून वाकतो. एका जागी धरा, नजर पावडरवर ठेवा. भुरकट कणांची जागा ओल्यासारखी चमकली की तिथलं काम झालं, लगेच पुढे सरका. चमक जशी पुढे जाईल तसं टूल तिच्या मागून न्यायचं, इतकाच हिशोब. लहानशा शुभेच्छेच्या ओळीला काही सेकंद पुरतात.

नाजूक कामात खालून उष्णता द्यावी. कार्ड चिमट्याने हवेत धरा आणि टूलचा झोत मागच्या बाजूने सोडा. थोडा जास्त वेळ लागतो, पण कण उडत नाहीत आणि थर सपाट बसतो. वरून वितळवून शेवटी एकदा खालून फिरवणं हीसुद्धा चांगली सवय आहे, अर्धवट राहिलेल्या जागा त्यात भरून निघतात.

झाल्यावर अर्धं मिनिट हात लावू नका. थर कोमट असेपर्यंत मऊ असतो आणि त्यावर बोटाचा ठसा सुबक उमटतो, जो नको असतो. पूर्ण थंड झाल्यावर कार्ड वाकलेलं दिसलं तर उलट्या बाजूला हलकं वाकवून जाड पुस्तकाखाली ठेवा. टूलचं तोंड बंद केल्यावरही बराच वेळ गरम असतं, ते कागदाच्या गठ्ठ्यावर टेकवू नका आणि वायर समोरून जाऊ देऊ नका.

बिघाड ओळखायचा कसा

बिघडलेला तुकडा टाकून देण्याआधी नीट बघावा, तो नेमकं कारण सांगतो.

थर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत असेल किंवा नखाने कण सुटत असतील तर उष्णता कमी पडली. हा दोष बरा होतो, पुन्हा गरम करा. थर सपाट, निस्तेज झाला असेल आणि ठशाभोवती तेलकट डाग पसरला असेल तर उष्णता जास्त झाली. रेझिन पातळ होऊन कागदात मुरलं, ते परत वर येत नाही. काही वेळा त्याच जागी पुन्हा शाई-पावडर करून उठाव मिळतो, पण डाग राहतोच. म्हणून शंका आली की थांबा, कमी तापलेलं सुधारता येतं.

सर्वत्र विखुरलेले कण म्हणजे दमटपणा किंवा स्थिर विद्युत. एकाच जागी गोलसर धब्ब्यात चिकटले असतील तर तिथे बोट लागलं होतं. रेघा जाड आणि बुजलेल्या आल्या तर शाई जास्त झाली, स्टॅम्प जोरात दाबला गेला किंवा पावडरचे कण मोठे होते. अक्षरं मध्येच तुटली तर शाई कमी पडली, वाळली किंवा कागद खडबडीत होता. पावडर धरली होती पण गरम करताना नाहीशी झाली, तर झोत फार जवळ होता किंवा टूल आधी तापवलं नव्हतं. वितळलेल्या थरात बारीक बुडबुडे दिसले तर कागदातली ओल वाफ होऊन बाहेर पडली.

सुटलेल्या छोट्या जागा एम्बॉसिंग पेनने, म्हणजे एम्बॉसिंग इंक भरलेल्या पेनने भरता येतात: तेवढ्याच जागी पेन टेकवा, पावडर टाका, झटका, वितळवा. आधीचा थरही पुन्हा थोडा मऊ होऊन नव्याशी जुळतो. हाच पेन हाताने लिहिलेली अक्षरं एम्बॉस करायलाही कामी येतो.

पुढचं पाऊल

पहिल्यांदा करावं असं तंत्र म्हणजे रेझिस्ट. वॉटरकलर कागदावर पांढऱ्या किंवा पारदर्शक पावडरने आकृती एम्बॉस करा आणि वरून वॉटरकलर फिरवा. थरावर पाणी थांबत नाही, रंग आजूबाजूला उतरतो आणि रेघा कोऱ्या राहतात. रंग ओला असतानाच रेघांवरून टिपकागद टेकवला की वर राहिलेले थेंब निघतात. पाकळ्यांच्या कडा एम्बॉस केल्या तर प्रत्येक पाकळी स्वतंत्र कप्पा होते आणि शेजारचे रंग एकमेकांत घुसत नाहीत. रंगकामात हात कच्चा असणाऱ्यांना याचा फार आधार होतो. अल्कोहोल मार्करवर मात्र हा भरवसा ठेवू नका: पांढऱ्या थरावर त्यांचा रंग चढतो आणि मार्करचं टोकही खराब होऊ शकतं.

नको असलेला थर काढायचाही मार्ग आहे. चित्र पूर्ण वाळल्यावर त्यावर साधा कागद ठेवून वाफ बंद केलेली गरम इस्त्री फिरवली की रेझिन वितळून वरच्या कागदात उतरतं. कागद बदलत दोन-तीनदा करावं लागतं, आणि इस्त्रीच्या तळाला लागू नये म्हणून कागद मोठा घ्यावा.

व्हेलमवर, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावर एम्बॉसिंग फार देखणं दिसतं आणि फार लवकर बिघडतं. ते क्षणात वाकतं, म्हणून टूल आधी पूर्ण तापवून घ्या, दुरून आणि झटपट काम उरका, मधूनच बाजू पालटा. त्यावर बोटांचे ठसेही पटकन उमटतात, तेव्हा अँटी-स्टॅटिक पाउच इथे टाळू नये.

अल्ट्रा थिक पावडरला धीर लागतो. आकारावर एम्बॉसिंग इंक थेट पॅडने लावायची, पावडर टाकायची, वितळवायची आणि थर गरम असतानाच त्यावर पुन्हा पावडर टाकायची. दोन-तीन थरांत काचेसारखी जाडी येते. शेवटचा थर वितळलेला असतानाच त्यात स्टॅम्प दाबून आकृती उठवता येते, फक्त स्टॅम्पला आधी भरपूर एम्बॉसिंग इंक लावलेली हवी, नाहीतर तो अडकून बसतो. थंड होईपर्यंत ओढून काढू नका. यासाठी लाल रबरचा स्टॅम्प घ्या, फोटोपॉलिमरला ती उष्णता मानवत नाही. असा जाड थर वाकवला की तडकतो, त्यामुळे कार्डाच्या घडीवर तो येऊ देऊ नका.

कामाचा क्रमही लक्षात ठेवा. एम्बॉसिंग आधी, चिकटवाचिकटव नंतर. फोम टेप किंवा गोंद लावलेल्या कार्डावर हीट टूल फिरवलं की चिकट भाग मऊ होऊन तुकडे सरकतात. आतला मजकूर लेझर प्रिंटरवर छापायचा असेल तर तोही आधी छापून घ्या. एम्बॉस केलेला कागद प्रिंटरमध्ये घातला तर टोनर पक्का करणाऱ्या गरम रोलरवर पावडर वितळून चिकटेल, आणि तो खर्च पावडरच्या सगळ्या डब्यांपेक्षा मोठा असेल.